छाट

निपाणीत, वखारींच्या मागच्या आळीत
हवेलाच खोकला असतो.
तिथं सूप मांडीवर घेऊन
आई दिवसाला हजार वळायची
आणि संध्याकाळी रांगेत उभी राहायची
गुंडू मुकादमाच्या बोटासमोर.

बोट एकच.
कट्ट्यांवरून फिरायचं, थांबायचं.
ही सैल, ही आखूड, हिचं तोंड नीट मोडलेलं नाही.
शंभर-दीडशे छाट.
छाटीचे पैसे नाहीत, छाट परतही नाही.

खरं सांगायचं तर मुकादम वाईट नव्हता.
सणासुदीला बोट हलकं चालायचं त्याचं.
माझ्या जन्माच्या वेळी दोन महिने
आईची एकही काढली नाही म्हणे.
बायका म्हणायच्या, देवमाणूस.
पद्मव्वा तेवढी म्हणायची,
"देवमाणूस हाय की.
पण सकाळी उठल्यावर
ऊन पडलंय का बघायच्या आधी
आज त्येचं तोंड कसं असंल, ह्येचाच घोर.
चांगला हाय म्हणून काय झालं?
घोर तर त्येच्याच हातात."

पुढं एकतीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं.
भिंतीपलीकडं कन्नड शाळेची घोकंपट्टी,
अलीकडं माझ्या फळ्यावर
स्वातंत्र्य, संमती, सार्वभौम.
पद्मव्वाच्या वाक्यापुढं
खडू कधी फारसा सरकला नाही.

त्या रविवारी जैनबीच्या अंगणात बेचाळीस बायका.
प्रश्न एवढाच:
छाटीच्या टेबलाशी मुकादमाजवळ
आपली एक बाई बसवायची का?
हात वर करा म्हटलं तर हात वर होईनात.
कुणाचा नवरा वखारीत, कुणाची उचल बाकी.
मग गंगव्वाच म्हणाली,
दोरा बांधलेली बिडी म्हणजे होय,
उघडी म्हणजे नाही.
पदराखालनं आणा, गाडग्यात टाका.

मी दहा वर्षांची, मला लिहिता येत होतं,
म्हणून वही माझ्याकडं.
सव्वीस बांधलेल्या. पंधरा उघड्या.
आणि एक अशी,
जिला दोऱ्याचा वेढा होता, गाठ नव्हती.

होयमध्ये धर, एक म्हणाली.
दुसरी म्हणाली, कसली होय, टाक तिकडं. छाट.

तो शब्द पडला आणि अंगण गप्प झालं.
कोंबडी तेवढी चालत राहिली
तंबाखूच्या भुशातून.

मग पद्मव्वा, सावकाश:
"आमच्या बस्तीत सांगत्यात, स्यात्.
एका अंगानं हाय, एका अंगानं न्हाई.
जिनं टाकली तिला इचारू नका.
पोरी, तिसरा रकाना आख."

मी फूटपट्टीशिवाय आखला. वाकडा आला.
खाली सह्या झाल्या, थोड्या मराठीत, थोड्या कन्नडमध्ये,
बाकी अंगठे.
पानाच्या डागाने अंगठे आधीच तपकिरी,
शाई नीट उठेना.

पहिली बाई म्हणून आईला निवडलं.
महिनाभर बरं चाललं.
एका रात्री ती चुलीपुढं बसून
स्वतःचं बोट बघत होती, भाकरी करपली तरी.
"आज चंपव्वाच्या वीस काढल्या मी.
दहा खरंच सैल होत्या.
बाकीच्या...
काल नळावर भांडली ना ती."

पुढच्या सभेत ठराव तिनंच मांडला.
तीन महिने, मग उठायचं.
जैनबीनं विचारलं, "आणि बाई चांगली असली तर?"
"असली तरी."
"तू असलीस तरी?"
आई म्हणाली, "लिही गं."

ह्या वेळी गाडग्यात सगळ्या बांधलेल्या.
एक सोडून.
ती उघडी होती, तंबाखू सांडत होता,
आणि ती कुणाची
ते घरी येताना आईनं मला सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

तीन महिन्यांनी ती स्टुलावरून उठली.
जैनबीनं पदरानं स्टूल पुसलं,
मुकादम जरा सरकला,
आणि आई सूप घेऊन
रांगेत जाऊन उभी राहिली.